दान केलेल्या नमुन्यांची किंमत कोणी ठरवावी?

निसर्गविज्ञानाच्या नमुन्यांचे दान स्वीकारताना त्यांची किंमत संग्रहालयानेच लिहून द्यावी, ही एका वाचकपत्रातील सूचना अमेरिकेच्या करकायद्यात बसत नाही. तिथे दान घेणारी संस्था मूल्यमापक होऊ शकत नाही. ती देते फक्त पोच. ५,००० डॉलरहून अधिक वजावट मागायची तर सहसा पात्र, स्वतंत्र मूल्यमापकाचा अहवाल लागतो.

आधार असतो रास्त बाजारभावाचा, म्हणजे राजीखुशीने विकणारा आणि घेणारा यांच्यात ठरेल त्या भावाचा. खनिजे, शिंपले, जीवाश्म यांच्या विक्रीचे दाखले तुलनेला मिळतात. पेंढा भरलेल्या प्राण्यांबाबत मात्र २००६ च्या कायद्याने मर्यादा घातली: प्राणी भरून घेणाऱ्या दात्याला त्या कामाचा खर्च किंवा बाजारभाव, यांपैकी कमी असेल तीच रक्कम धरता येते. शिकारीच्या प्रवासाचा खर्च त्यात येत नाही.

वैज्ञानिक मोल याहून वेगळे. फुलपाखराच्या टाचणीवरील चिठ्ठीत ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचे नाव असेल, तर तो नमुना पुरावा ठरतो. चिठ्ठी हरवली की उरते ती बहुतांशी शोभा. म्हणून किमतीच्या वादापेक्षा चिठ्ठ्या आणि नोंदवह्या नमुन्यांसोबतच संग्रहालयाच्या हाती पोचणे अधिक महत्त्वाचे आहे.