बाटल्या धुवा, पण नोंदवहीही मागा

बी.फार्म.च्या विद्यार्थ्यांना सहाव्या सत्रानंतर किमान १५० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलेमुली त्यासाठी औषध कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत जातात. अनेकांच्या घरात त्यांच्याआधी कोणी प्रयोगशाळेचे दार पाहिलेले नसते. त्यामुळे तिथे काय मागायचे, कोणाला विचारायचे, हे सांगणारे घरी कोणी नसते. मग प्रमाणपत्र मिळाले की झाले, अशी समजूत होते. ही समजूत घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण प्रश्न फक्त नोकरीचा नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेले ग्लिसरीन रुग्णांना दिले गेले आणि १४ जणांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. पुढे २०२५ साली छिंदवाड्यातील लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात तेच द्रव्य निघाले. त्यातील अनेक मुलांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. हे विष तपासणीत सापडू शकते, पण तपासणी खरोखर व्हावी लागते. सरकारी दवाखान्यातले आणि स्वस्तातले औषध घेणारे बहुसंख्य लोक आपलेच आहेत. म्हणून प्रयोगशाळेतला प्रत्येक आकडा आपल्या घराशी जोडलेला आहे.

नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसांत बहुधा काचसामान धुवायला देतात. त्यात कमीपणा नाही. फ्लास्कमध्ये आधीच्या नमुन्याचा अंश राहिला तर पुढचा निकाल चुकतो, म्हणजे धुणे हा तपासणीचाच भाग आहे. परंतु चार आठवडे एकानेच धुवायचे आणि दुसऱ्याने एचपीएलसी यंत्रावर बसायचे, असे घडत असेल तर ही वाटणी कशावरून झाली, हे विचारले पाहिजे. आडनाव ऐकून झाली का? कामाच्या वाटणीच्या नावाखाली माणसांचीच वाटणी कशी होते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिभेद निर्मूलन’ मध्ये दाखवून दिले आहे. विचारताना भांडण नको, संकोचही नको. “सर, धुण्याचे काम मी करीनच. आठवड्यातून दोन दिवस मला तपासणी करणाऱ्यांबरोबर उभे राहू द्या,” एवढे पहिल्याच आठवड्यात सांगावे.

आणि तिथे उभे राहिल्यावर काय शिकावे? तराजूची रोजची तपासणी कशी होते ते पाहा. ब्युरेटवरचे माप डोळ्याच्या पातळीवर आणून वाचा. पिपेट तोंडाने ओढू नका. आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात नको. बाटलीतून काढलेले रसायन परत बाटलीत ओतू नका. नोंद त्याच क्षणी, शाईने आणि वहीतच करा, चिठोऱ्यावर नको. नोंद चुकली तर एकच रेघ मारा, जुना आकडा वाचता येऊ द्या, शेजारी सही, तारीख आणि कारण लिहा.

पॅरासिटामॉलच्या गोळीत लेबलवर लिहिलेल्या औषधाच्या ९५ ते १०५ टक्के औषध असावे लागते. चाचणीत ९३ आले तर ९३ च लिहायचे. “आकडा जरा जुळवून घे,” असे कोणी म्हणाले तरी लिहू नका. गुणवत्ता विभागाला कळवा. पंचशीलातील चौथे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. त्याची खरी परीक्षा अशा वहीच्या पानावर होते. केवळ वरिष्ठ सांगतात म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण प्रयोगशाळेला जशीच्या तशी लागू पडते.

शेवटी एक विनंती औषध उद्योगात स्थिरावलेल्या आपल्या बंधुभगिनींना. वर्षातून एक रविवार विहारात द्या. प्रशिक्षणाला निघालेल्या मुलांना एकत्र बसवा, कोरी नोंदवही दाखवा, तुमच्या कंपनीत कोणाकडे अर्ज करायचा ते सांगा. आपल्याला वाट दाखवणारे कोणी नव्हते. त्यांना ते मिळू द्या.