जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका



वेचणीच्या दिवसांत कापसाची ट्रॉली पंक्चर होते ती नेमकी शेतरस्त्यात. मालक जॅक काढतो, सालगडी खाली शिरतो.

काळी माती पाणी धरते, म्हणून आपली कोरडवाहू कपाशी तगते. तीच माती वरून टणक आणि आत ओली असते. जॅकचा तळ तळहाताएवढा. वजन आले की तो रुततो, कलंडतो. खाली जाड, रुंद फळी हवीच. आधी माल उतरवा. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून ब्रेक लावा, दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड द्या. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. उचललेल्या ट्रॉलीवर पान्याची ओढाताण म्हणजे मरणाला आवतण.

जॅक फक्त उचलायला. तेलाच्या जॅकचे एक सील गेले की तो खाली बसतो. म्हणून आसाखाली लोखंडी घोडी किंवा आडवे-उभे रचलेले लाकडी ठोकळे द्या. विटा नकोत, त्या फुटतात.

२०२३ पासूनच्या शेतकरी अपघात सानुग्रह योजनेत मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात. तेही खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एकासाठी. सालगड्याच्या नावावर सातबाराच नाही. त्याच्या बायकोने कोणाच्या दारात उभे राहायचे? सरकारकडे भांडू तेव्हा भांडू. घोडी मात्र मालकानेच घ्यायची आहे. एकट्याला जड जात असेल तर चार ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून दोन घ्याव्यात. फळी तर घरातच पडलेली असते, ती आजच ट्रॉलीत टाका.