गच्चीवरचा वारा

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा घरी आला तो काखेत कागदांची सुरळी मारूनच. स्वारी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चहा होईपर्यंतही त्याला धीर नव्हता. "मामा, तुमच्या गच्चीला चार भोके पाडायची आहेत," तो म्हणाला. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी, तुळशीच्या दोन कुंड्या आणि उन्हाळ्यात सौभाग्यवतींचे वाळवण अशी वस्ती असते. तिच्यात या चिरंजीवांना उभ्या आसाची पवनचक्की बसवायची होती!

पवनचक्की म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पठारावरची तीन पात्यांची धूडे येतात. त्यांचा आस आडवा. वारा फिरला की त्यांना तोंड फिरवावे लागते. उभ्या आसाला ही कटकट नाही. वारा कुठूनही येवो, चक्र आपले फिरतेच. शिवाय वीज करणारे जनित्र खाली, हाताशी. मला तर यात नवे काहीच वाटेना. आपल्या जात्याची वरची तळी उभ्या खुंटाभोवतीच फिरते की!

ही उपमा मी समजलो त्याहून खरी निघाली. इराणच्या खोरासान भागात, अफगाण सरहद्दीजवळ नश्तिफान नावाचे गाव आहे. 'नीश' म्हणजे नांगी आणि 'तुफान' तर आपल्याही ओळखीचे. तेव्हा नाव झाले तुफानाची नांगी. तिथे माती, पेंढा आणि लाकूड यांच्या तीसएक जुन्या पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. वर लाकडी फळ्यांचे चक्र, खाली खोलीत जाते, आणि दोहोंना जोडणारा एकच उभा खांब. त्या मुलखात उन्हाळ्यात वारा सुटला की सुमारे एकशेवीस दिवस थांबत नाही म्हणतात. त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे दळण निघाले. 2002 साली इराण सरकारने या चक्क्यांना राष्ट्रीय वारशात घेतले.

गोम अशी की, वारा नुसता ढकलत असेल तर जी फळी वाऱ्याबरोबर जाते ती कामाची, पण परत येणारी फळी वाऱ्याशी भांडत येते. म्हणून त्या लोकांनी अर्ध्या बाजूला भिंतच घातली. भांडण मिटले, पण अर्धा वारा वाया गेला.

यावर खरी तोड काढली जॉर्ज डॅरियस या फ्रेंच इंजिनियराने, 1920 नंतरच्या दशकात. त्याने फळ्या टाकल्या आणि विमानाच्या पंखासारखी पाती लावली. पंखाला वारा ढकलत नाही, उचलतो; त्यामुळे पाते वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने फिरू शकते. पातीही कशी, तर धनुष्यासारखी बाकदार. मुलींनी दोरीवरच्या उड्या मारताना फिरत्या दोरीला जो बाक येतो, तोच हा बाक. त्यामुळे पाते फिरताना नुसते ताणले जाते, वाकवले जात नाही. पुढे ही कल्पना इतकी विस्मरणात गेली की, 1960 नंतरच्या दशकाअखेर कॅनडात साउथ आणि रांगी या दोघा संशोधकांनी डॅरियसचा पत्ता नसताना ती पुन्हा शोधून काढली.

"आणि मामा, हे चक्र आपण होऊन सुरू होतच नाही," भाचा म्हणाला, "मोटारीने धक्का द्यावा लागतो. तेव्हा घाबरायचे कारण नाही."

नेमक्या याच वाक्याने मी घाबरलो. कारण दरम्यान मीही थोडे वाचले होते. 1977 साली कॅनडातल्या मॅग्डालेन बेटांवर असेच एक मोठे चक्र उभारले होते. पुढच्या वर्षी जुलैत दुरुस्तीसाठी त्याचा ब्रेक काढला. चक्र आपण होऊन सुरू होत नाही, हे सर्वांना ठाऊकच होते. वाऱ्याला ते कोणी सांगितले नसावे. चक्र फिरू लागले, वेग वाढत गेला, आवरायला ब्रेक नाही. अखेर सारा सांगाडा कोसळला.

त्याहून मोठा प्रयोग क्वेबेकमध्ये काप-शा या गावी झाला. ग्रीक पुराणातल्या वाऱ्यांच्या धन्यावरून त्याचे नाव 'एओल'. उंची 110 मीटर, पाती दोनच. 1980 नंतरच्या दशकाअखेर ते चालू झाले आणि 1993 साली बुंध्याचे बेअरिंग गेल्यावर कायमचे थांबले. उभ्या आसाचे दुखणे इथेच आहे. सगळा भार खालच्या बेअरिंगवर, आणि प्रत्येक पाते दर फेरीत एकदा वाऱ्याच्या पुढून आणि एकदा मागून जाते, म्हणून त्याला सतत हिसके. असे हिसके सोसून पोलादही थकते. मला हे चक्र लांबून पाहायलाही आवडेल, पण एवढी उंची त्याला मानवली नाही, असे माझे मत झाले.

लहानपणात मात्र त्याला वाव असावा. कॅलिफोर्नियातल्या जॉन डाबिरी या संशोधकाने माशांच्या थव्यावरून कल्पना घेऊन दहा मीटर उंचीची उभी चक्रे जवळजवळ रोवली, शेजारची दोघे एकमेकांच्या उलट फिरणारी. 2011 च्या त्याच्या निबंधात जमिनीच्या चौरस मीटरला 21 ते 47 वॅट असा हिशेब आहे. नेहमीच्या आडव्या पवनचक्क्यांच्या शेतात तो दोन-तीन वॅट पडतो, कारण त्यांना एकमेकींपासून फार लांब उभे राहावे लागते.

पण आमची गच्ची म्हणजे काही कॅलिफोर्निया नव्हे. चहूबाजूंना इमारती; वारा येतो तो ठेचकाळत, गिरक्या घेत. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली शक्ती आठव्या हिश्शावर येते, हे भाच्यानेच मला कागदावर मांडून दाखवले. म्हणजे त्याचे त्यालाही माहीत होते.

"जिन्यातला एक दिवा लागला तरी पुरे," तो जरा खाली मान घालून म्हणाला.

मी म्हटले, "दिव्याचे नंतर पाहू. आधी ब्रेक करून आण, मग भोके पाड."

तो रागावून गेला. दसऱ्याला सोने द्यायला आला तेव्हा सुरळीत दोन ब्रेक होते. एक हाताने ओढायचा, दुसरा वेग वाढला की आपसूक लागणारा. सौभाग्यवतींनी खडूने वाळवणाची जागा आखून दिली आणि छत गळले तर रंग कोण देणार, हेही लिहून घेतले. गवंडी येत्या रविवारी यायचा आहे.