संघ हरला म्हणून गुरुजी बदलायचे का?



आमचा कबड्डीचा संघ यंदा केंद्राच्या सामन्यांत पहिल्याच फेरीत हरला. मागच्या वर्षीही हरला होता. तेव्हापासून पारावर एकच बोलणे चालू आहे, "ह्या गुरुजींच्यानं काही व्हत नाही, संघ दुसऱ्याकडं द्या." मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगतो.

मुंबईत 'मुंबई एफ.सी.' नावाचा फुटबॉल क्लब होता. तो २००७ साली निघाला. २००८ साली दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन तो आय-लीगमध्ये गेला. आय-लीग ही त्या वेळी देशातली सर्वांत वरची श्रेणी होती. तिथे जो शेवटी राहील तो खालच्या श्रेणीत जायचा. २००९ पासून खालिद जमील हे त्या क्लबचे कोच होते. कोच म्हणजे संघाचे गुरुजीच. सात वर्षांत त्यांचा संघ एकदाही विजेता झाला नाही, पण एकदाही खाली घसरला नाही.

२०१६ साली क्लबने त्यांच्या जागी दुसरे कोच आणले. संघ हरू लागला तेव्हा हंगाम संपायच्या आत त्यांनाही बदलले. तरी २०१७ साली मुंबईचा संघ दहा संघांत दहावा आला आणि खाली गेला. पुढे क्लबच बंद पडला.

आणि जमील? ते मिझोरामच्या ऐझॉल क्लबकडे गेले. हा संघ आदल्या वर्षीच खाली घसरला होता. गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडले म्हणून त्याला परत जागा मिळाली. त्याच संघाने २०१७ साली ३७ गुण मिळवून आय-लीग जिंकली. मोहन बागानला ३६ गुण होते. २०२५ साली जमील भारताच्या संघाचे कोच झाले.

आता कोणी म्हणेल, "अरे, ऐझॉलनेही कोच बदललाच की!" खरे आहे. बदल कधीच करू नये असे मी म्हणत नाही. पण आधी हरण्याचे कारण शोधावे. दुखणे पोटाचे आणि औषध पायाला, असे नको.

आमच्या हरण्याचे कारण सर्वांना माहीत आहे. पावसाळ्यात गुरुजींनी सात जण तयार केले. दिवाळी झाली आणि त्यातले चौघे आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेले. सामन्याला नवीनच पोरं उभी राहिली. त्यांना धड पकडही येत नव्हती. यात गुरुजींनी काय करावे? शाळा सुटल्यावर दिवस मावळेपर्यंत ते मैदानावर असतात, हे आम्ही रोज बघतो.

पालकांना दोष देत नाही. पोटासाठी जावेच लागते. पण हात जोडून सांगतो, जमेल त्यांनी पोरांना आजी-आजोबांजवळ ठेवा, नाहीतर हंगामी वसतिगृहात ठेवा. कबड्डीही राहील आणि शाळाही बुडणार नाही.

म्हणून माझे मत असे की, गुरुजींना आणखी दोन वर्षे द्यावीत आणि संघ पूर्ण द्यावा. तरीही हरलो तर मग खुशाल बदला. तेव्हा मी काही बोलणार नाही.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी, तलवाडा