पोरांची बाजू घेणाऱ्याचा सत्कार कधी?



१ जुलैला आपण दरवर्षी कृषी दिन साजरा करतो. वसंतराव नाईकांच्या प्रतिमेला हार, दोन भाषणं आणि मग सत्कार. सत्काराची यादी बहुधा आमच्या खात्यातल्या माणसाकडंच येते. आम्ही पीक स्पर्धेचे कागद काढतो, कुणाला किती उतारा पडला ते बघतो आणि नावं लिहितो. काट्यावरचा आकडा असतो, त्यामुळं भांडणं होत नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या सज्जातल्या एका गावात टोमॅटोवाल्या चोवीस वर्षांच्या पोराला शाल-श्रीफळ दिलं. पोरगं माईकवर म्हणालं, "ह्यो मान माझा न्हाई, मागं बसल्यात त्या नानांचा हाय." सगळ्यांनी वळून पाहिलं. नाना दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बसलेले.

नानांनी काय केलं होतं? पोराला ठिबक बसवायचं होतं, पण सगळी जमीन बापाच्या नावावर. योजनेच्या अर्जाला सातबारा आणि आठ-अ लागतो, आता तर शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. बाप म्हणायचा, "मी जिता असताना वाटणी कशाला?" नाना चार महिने त्या ओसरीवर जाऊन बसले. वडिलोपार्जित जमिनीचं वाटप जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडं अर्ज करून होतं, त्यानं घर फुटत नाही, हे त्यांनी परत परत सांगितलं. शेवटी दोन एकर पोराच्या नावावर झालं. पुढं सोसायटीत जामीनदार मिळेना, तेव्हा नानाच जामीन राहिले. जामीन राहणं म्हणजे काय, हे दुसऱ्याच्या थकबाकीची नोटीस ज्याच्या दारात आली आहे त्यालाच विचारा.

हे सगळं मला ठाऊक होतं. त्याच ओसरीवर मी चहा प्यालो होतो. तरी यादीत नानांचं नाव लिहायचं सुचलं नाही, कारण माझ्या दैनंदिनीत असल्या कामाला रकानाच नाही.

शासनाचा जिल्हा युवा पुरस्कार आहे, चांगला आहे. पण त्याला ज्याचा त्यानं अर्ज करायचा, सोबत कात्रणं आणि फोटो जोडायचे. नाना फोटो कसला जोडणार, ओसरीवर बसल्याचा? दहावीनंतर पोरीला तालुक्याच्या कॉलेजात पाठवा म्हणून घरोघर बोलणी खाणारी अंगणवाडीताई तरी काय जोडणार? शिवाय ही माणसं वडीलधाऱ्यांत फारशी आवडती नसतात. त्या पोराचा चुलता आजही नानांशी बोलत नाही.

म्हणून सरपंच, आणि ग्रामसेवक भाऊसाहेब (पाटी बदलून आता ग्रामपंचायत अधिकारी झालात, तरी आमच्या तोंडी भाऊसाहेबच), एक विनंती आहे. हे नाव ग्रामसभेत ठरू द्या, आणि ते पोरापोरींनाच सुचवू द्या. मतदार यादीत नाव असलेला अठरा वर्षांचा पोरगाही ग्रामसभेचा सभासद असतो. पारावर मोबाईल बघत बसतात म्हणून आपण त्यांच्या नावानं बोटं मोडतो, पण आत बोलावून विचारतो का, की तुमच्या अडचणीला कोण उभं राहिलं? नाव आपण मोठ्यांनी ठरवलं, तर मंडळाला वर्गणी देऊन वाढदिवसाचा फ्लेक्स लावून घेणाऱ्याचंच येणार.

आणि सत्कार शालीवरच संपवू नका. तो माणूस काय मागतोय तेही इतिवृत्तात घ्या. अभ्यासिकेला दिवा मागत असेल तर दिवा द्या.

कार्यक्रमानंतर मी नानांना म्हणालो, पुढच्या वर्षी तुमचं नाव घालतो. ते म्हणाले, "शाल काय करू रं? अजून दोन पोरं हाईत. त्यांच्या बापाकडं माझ्यासंगं चल." गेलो. एकानं चहा दिला. दुसऱ्यानं दारातूनच वाटेला लावलं. त्याच्याकडं नाना अजून जातात, जमेल तेव्हा मीही जातो.