विश्लेषण : शस्त्रक्रिया एका दिवसाची, रात्रीची जबाबदारी कुणाची?

‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा.’ ऐकायला सोपे वाटते. पण दोंडाईच्याहून धुळ्याला हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेल्या रुग्णाचा दिवस कसा जाऊ शकतो? रात्री बारापासून पाण्याचा घोटही नाही. पहाटेची एसटी. आठला रुग्णालयात हजर. ‘नंबर आला की बोलावू,’ एवढेच उत्तर. दुपारी तीनला शस्त्रक्रिया, सातला डिस्चार्ज. रात्री अकराला घरी लघवी तुंबते आणि कार्डावरचा फोन कुणी उचलत नाही. शस्त्रक्रिया नीट झालेली असते. बिघडतात ते तिच्या आधीचे आणि नंतरचे तास.

‘डे-केअर’ म्हणजे काय?

रुग्णाला रात्रभर न ठेवता त्याच दिवशी घरी पाठवणे. दुर्बीण, लहान छेद आणि सुधारलेली भूल यांमुळे मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध अशा अनेक शस्त्रक्रिया अशा होतात. खर्च वाचतो, रुग्णालयातील संसर्गाचा धोका घटतो. पद्धत चांगलीच आहे. मात्र रात्री परिचारिका जी देखरेख करायची, ती आता घरच्यांवर येते. त्यांना ती कुणी शिकवत नाही.

इतके तास उपाशी का?

भुलीत पोटातले अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. पण प्रचलित वैद्यकीय मार्गदर्शनानुसार निरोगी प्रौढाला हलका आहार ६ तास आणि साधे पाणी २ तास आधीपर्यंत चालते. मधुमेह किंवा पचनाचे विकार असतील, तर निर्णय भूलतज्ज्ञाचा. म्हणजे दुपारच्या रुग्णाचे पाणी मध्यरात्रीपासून तोडण्यामागे बहुतेकदा रुग्णालयाची सोय असते. खानदेशच्या उन्हाळ्यात ही सोय फार महाग पडते. सकाळचे आणि दुपारचे रुग्ण वेगवेगळ्या वेळी बोलावणे अवघड नाही.

घरी कधी सोडावे?

रक्तदाब स्थिर, वेदना आटोक्यात, रक्तस्राव व उलट्या नाहीत, आधाराने चालता येते, एवढे तपासूनच. हर्निया, मूळव्याध किंवा कमरेतून दिलेल्या भुलीनंतर लघवी तुंबू शकते. तेही विचारायला हवे. सोबत जबाबदार माणूस हवा. पूर्ण भूल किंवा गुंगीचे औषध दिले असेल, तर २४ तास वाहन चालवू नये.

विम्याचे काय?

‘२४ तास दाखल नव्हता’ म्हणून डे-केअरचा दावा सरसकट नाकारता येत नाही. नव्या तंत्रामुळे २४ तासांच्या आत होणारे, पण एरवी जास्त काळ दाखल राहावे लागले असते असे उपचार डे-केअरच्या व्याख्येत बसतात. निव्वळ ओपीडीतील उपचार त्यात येत नाहीत. पॉलिसीच्या अटी आधीच वाचाव्यात.

दाद कुठे मागावी?

२०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार राज्यातील खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. तक्रार महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे, अन्यत्र जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे करता येते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

मग हवे काय?

शस्त्रक्रियेची अंदाजे वेळ, मराठीत लिहिलेला सूचनांचा कागद, रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयाकडून विचारपूस. लांबचा रुग्ण असेल, तर त्याच्या गावाजवळ रात्री कुठे जायचे, हेही त्या कागदावर लिहिलेले असावे. यातल्या कशालाही नवे यंत्र लागत नाही. रुग्णालय शेजारच्या गल्लीत असेल, तर रात्रीचा त्रास निभावतो. दोंडाईच्याच्या माणसासाठी मधे अख्खा रस्ता असतो. खाट संध्याकाळी रिकामी झाली म्हणून जबाबदारी संपली, असे रुग्णालयांना मानता येणार नाही.