शेतावरचा मंडप

इंदूर-देवासकडील कित्येक मराठी घरांची शेती अद्याप सामाईक आहे. वर्षातून एकदा तरी सर्व भावंडांची पंगत तेथे बसावी, म्हणून कायमचा मंडप बांधण्याचे मनात येते. आमचे पहिले सांगणे पायाविषयी. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायावरचे खांब कलतात. मुरूम लागेपर्यंत खणावे. माती फारच खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खुंट निदान ३.५ मीटर उतरवावेत. छप्पर कौलांचेच हवे. (पत्र्याखाली वैशाखातली पंगत एकदा बसवून पाहावी!) भिंती मात्र घालू नयेत. भिंतीपाठोपाठ कुलूप येते, आणि किल्ली कोणाकडे यावरून बोलणे तुटलेली घरे आम्ही पाहिली आहेत.